पाणथळ कोपऱ्यासाठी झाडे निवडताना

मुठेकाठच्या आमच्या बागेत काळी चिकण माती आहे आणि उताराकडच्या कोपऱ्यात श्रावण सरला तरी पाणी साचून राहते. तिथे हातभर खड्डा खणून पाण्याने भरला, तर दुसऱ्या दिवशीही तो निम्मा भरलेलाच होता. तळाची माती करडी पडली होती आणि तिला कुजका वास येत होता. अशा मातीत हवा खेळत नसल्याने पपईची मुळे कुजणार हे उघड होते, म्हणून माती बदलण्याच्या खर्चात न पडता, मूळचीच ओढ्या-नदीकाठी वाढणारी झाडे मी निवडली. अर्जुन सर्वांत खोलगट जागी लावला, वरच्या अंगाला करंज आणि जरा उंचवट्यावर तामण. वाळुंजाचे झाड पाण्यात उत्तम तग धरते, पण त्याला उन्हाळ्यातही ओल लागते आणि आमची माती एप्रिलमध्ये भेगाळते, त्यामुळे ते टाळले. रोपांसाठी वीतभर उंच वरंबे केले आणि खड्ड्यात वाळू मुळीच घातली नाही, कारण चिकण मातीतल्या अशा खड्ड्यात भोवतालचे पाणी उतरून साचते. पुढच्या पावसाळ्यात कोपऱ्यात पाणी साचलेच, परंतु अर्जुनाला नवी पालवी फुटत राहिली. तामणाची वाढ मात्र सावकाश चालली आहे.