हायब्रीड ज्वारी आली तेव्हाचे गाव कसे नोंदवावे

संकरित ज्वारीचा पहिला वाण, सीएसएच-१, १९६४ साली प्रसारित झाला. पुढच्या आठ-दहा वर्षांत महाराष्ट्राच्या खरिपात ‘हायब्रीड’ हा शब्द असा काही रुजला की नाजूक प्रकृतीच्या पोरालाही लोक हायब्रीड म्हणू लागले. तेव्हा ज्यांनी पेरणीसाठी स्वतः पाभर धरली ती माणसे आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यामुळे आपल्या गावातील तो काळ ज्यांना लिहून ठेवायचा आहे त्यांनी काम लगेच हाती घ्यावे, आणि सुरुवात माणसांपासून न करता कागदापासून करावी.

सातबाऱ्यातील नमुना बारावर त्या वर्षीचे पीक, क्षेत्र आणि पाण्याचे साधन लिहिलेले असते. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून दोन-तीन शेतांचे १९६० ते १९७५ या काळातील उतारे मिळवले, तर विहीर कधी नोंदली गेली आणि बाजरीच्या जागी ऊस कधी आला याचा अंदाज बांधता येतो. काही जिल्ह्यांतील जुने अभिलेख संगणकावरही पाहता येतात. मात्र पीकपाहणी बांधावर न जाता चावडीत बसूनच भरली जात असे ही तक्रार जुनीच असल्याने या नोंदीला पुरावा न मानता खूण मानावे. मराठवाड्यातील गाव असेल तर निजामी राजवटीनंतरचे खासरा पत्रक, म्हणजे तिथली जमिनीची जुनी नोंद, शोधावे. जमिनीचे तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरणानंतर सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तर ‘वडाचं’, ‘टेकावरचं’ अशीच शेतांची नावे असतात. म्हणून नाव, सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांचा मेळ घालणारा एक कागद आधीच तयार ठेवावा.

“काय काय बदलले?” असा प्रश्न कधीही विचारू नये. मी सुरुवातीला तोच विचारत असे आणि “लई बदललं बाबा” यापलीकडे काही हाती लागत नसे. एकदा आत्याच्या घरी फडताळातील जुने पितळी अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचे माप तिच्यासमोर ठेवले आणि हायब्रीडचे पीठ कसे होते, एवढेच विचारले. ती म्हणाली, “पिठाला चिकटाच नव्हता. उकळतं पाणी घातलं तरी भाकरीच्या कडा फाटायच्या. पोतं भरायचं, पण म्हशीला कडबा पुरायचा नाही.” हायब्रीडच्या बुटक्या धाटांमुळे वैरण कमी झाली आणि लवकर पक्व होणारे कणीस पावसात सापडून दाणा काळा पडू लागला, या दोन्ही गोष्टी शेतकी अहवालांतही सापडतात, परंतु दाणा वाढूनही गोठा उपाशी राहिल्याचा हिशेब तिच्या एका वाक्यात होता. बियाण्याचेही असेच विचारावे. पूर्वी चांगली कणसे निवडून बी कोण राखत असे, ते कशात ठेवत, आणि दर वर्षी पिशवी विकत आणावी लागल्यावर त्या माणसाच्या हातचे ते काम कधी सुटले? उत्तर देणारी बहुधा स्त्री असेल. अशा वेळी मुलगा शेजारी बसून तिच्या वतीने बोलू लागला, तर त्याला सरळ चहा सांगायला पाठवावे.

सन विचारून उपयोग नसतो, प्रसंग विचारावा. नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटले, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. विहिरीवरचे इंजिन भूकंपाआधी बसले की नंतर, हे सातारा-सांगलीकडचा माणूस क्षणात सांगतो. महिन्याऐवजी नक्षत्र विचारावे, कारण मृगातली पेरणी आणि हस्ताचा पाऊस कोणी विसरत नाही. १९७२ च्या दुष्काळाकडे मात्र प्रत्येक बोलणे आपोआप वळते. खडी फोडणे, सुकडी, रेशनवरची लाल मिलो ज्वारी हे सारे निघेल. ते अडवू नये, पण त्यासाठी वेगळी बैठक ठेवावी, अन्यथा आधीची दहा वर्षे दुष्काळाखाली झाकली जातात.

मापे ऐकली तशीच लिहावीत. चार शेरांची पायली बहुतेक ठिकाणी सारखी असली, तरी मणाला कुठे बारा पायल्या तर कुठे सोळा, म्हणून क्विंटलमध्ये रूपांतर करण्याआधी “तुमच्याकडे मणाच्या पायल्या किती?” हे विचारून घ्यावे.

सर्वांत अधिक चूक होते ती माणसे निवडताना. केवळ बागायतदारांच्या ओसरीवर बसून लिहिलेल्या इतिहासात बलुतेदारी ही गोड आठवण ठरते. विहिरीवर मोट होती तोवर तिचे चामडे शिवणाऱ्याला आणि नाडा-सोंदूर हे तिचे दोर वळणाऱ्याला खळ्यावर धान्य मिळे. डिझेल इंजिन आले आणि ते काम गेले. काहींनी त्यानंतर मुंबईची वाट धरली, तर काहींना खळ्यावर हात पसरणे सुटल्याचे समाधानही वाटले. हे दोन्ही सूर ऐकायचे असतील तर त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याच माणसांत बसून बोलावे. पाटलाच्या वाड्यात बोलावून विचारल्यास वाड्याला आवडेल तेच उत्तर मिळते. कुळकायद्याबाबत तर दोन्ही बाजूंना एकत्र बसवूच नये. फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, आधी वाचून जावे आणि कोणाची जमीन कोणाकडे गेली हे आपण होऊन उच्चारू नये.

ध्वनिमुद्रण सुरू करताच तारीख, गाव, बोलणाऱ्याचे नाव आणि त्याची संमती मुद्रित करून घ्यावी. माझ्याकडच्या दोन तासांच्या एका ध्वनिफितीत बोलणारे कोण, हे आज सांगता येत नाही. लिहून झालेला मजकूर त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. आत्याला वाचून दाखवला तेव्हा तिने एकाच शब्दावर थांबवले. मी ‘कडबा कमी पडला’ असे लिहिले होते. “कमी पडला नाही,” ती म्हणाली, “विकत घ्यावा लागला, असं लिही.”