कुंडीतल्या अंजिराचा हिवाळा

टोरांटोसारख्या गावी जानेवारीत पारा उणे 20 अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो, आणि तरीही हरितगृहाच्या आधाराने तिथे कुंडीत अंजीर पिकवता येतो. नवशिक्याची चूक बहुधा एकच असते: तो झाडाला ऊब देऊ पाहतो. पानगळ झालेल्या अंजिराला ऊब नको असते. 0 ते 5 अंशांची एकसारखी थंडी मिळाली की तो वसंतापर्यंत शांत झोपून राहतो.

जात निवडताना परागणाशिवाय फळ धरणारी, नव्या फुटव्यावरही भरपूर फळ देणारी आणि लवकर पिकणारी जात घ्यावी; 'शिकागो हार्डी' ही त्यांपैकी भरवशाची. दिवे-सोनोरीचे अंजीर खात वाढलेल्या माणसाला पुरंदरचाच फाटा, म्हणजे लावण्यासाठी कापलेली फांदी, आणावासा वाटणे स्वाभाविक आहे, परंतु आयात परवान्याशिवाय तो सामानातून आणू नये. कुंडी 40 ते 60 लिटरची असावी, म्हणजे ती हातगाडीवरून हलवता येते.

तयारी ऑगस्टमध्येच सुरू होते. नत्रयुक्त खत त्या महिन्यात थांबवावे, कारण उशिरा आलेला कोवळा फुटवा थंडीत हमखास जळतो. सप्टेंबरअखेरपासून पाणी कमी करत जावे. आपल्याकडे बहार धरण्यापूर्वी बागेला ताण देतात, त्याची इथे आठवण होते, मात्र इथला ताण झाड निजवण्यासाठी असतो. एक-दोन हलक्या हिमरात्री झाडाला बाहेरच सोसू द्याव्यात. पाने गळाली की उरलेली कच्ची फळे काढून टाकावीत आणि पालापाचोळा झाडून कुंडी आत घ्यावी, कारण कुजक्या पानांवर करडी बुरशी वाढते आणि तिथून ती फांद्यांवर चढते. फळे तोडताना हातमोजे घालावेत. अंजिराचा चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर फोड येतात.

आत ठेवताना खोडापेक्षा मुळांची काळजी अधिक करावी. जमिनीतल्या झाडाला भोवतालच्या मातीचे संरक्षण असते. कुंडीतल्या मुळांना ते नसते, आणि साधारण उणे 5 अंशांखाली त्यांना इजा होऊ लागते. म्हणून कुंड्या एकमेकींना खेटून थेट जमिनीवर ठेवाव्यात, म्हणजे मातीतली ऊब त्यांना मिळते, आणि बाजूंनी थर्मोकोल किंवा पेंढा लावावा. खोडाभोवती बारीक तारेची जाळी अवश्य गुंडाळावी, कारण पेंढ्यात उंदीर येतात आणि साल कुरतडतात. तापमापकाची सळई मातीत खोचावी; हवेचा आकडा मुळांची स्थिती सांगत नाही. कडाक्याच्या रात्रींसाठी थर्मोस्टॅट असलेला छोटा हीटर 0 अंशाच्या किंचित वर लावून ठेवावा. पाणी तीन-चार आठवड्यांतून एकदा, माती ओलसर राहील इतकेच द्यावे. पूर्ण कोरड्या मातीत मुळे सुकतात, तर चिंब मातीत कुजतात.

खरी कसोटी फेब्रुवारीत लागते. बाहेर बर्फ असतानाही स्वच्छ उन्हात बंद हरितगृह सहज 20 अंशांपुढे तापते, फांद्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगू लागतात आणि त्यानंतरची एक गोठणारी रात्र कोवळा फुटवा मारून टाकते. म्हणून आतली हवा 7-8 अंशांपुढे जाताच झरोके उघडावेत, दक्षिणेकडच्या बाजूला पांढरे कापड किंवा सावलीची जाळी लावावी आणि जमल्यास पाण्याने भरलेली 200 लिटरची पिंपे आत ठेवावीत. ही पिंपे दिवसा उष्णता शोषतात आणि रात्री सोडतात. जानेवारीच्या थंडीपेक्षा या फसव्या उन्हाकडे मी अधिक लक्ष देतो.

दर दोन-तीन वर्षांनी मार्चमध्ये, झाड जागे होण्यापूर्वी, मुळांचा बाहेरचा थर कापून नवी माती भरावी. छाटणीही तेव्हाच करावी, मात्र सगळ्या फांद्या आखडू नयेत, कारण पहिला लहान बहार जुन्या लाकडावरच येतो. डोळे फुटल्यावर पाणी हळूहळू वाढवावे, पाने उलगडली की खत सुरू करावे आणि मेच्या उत्तरार्धात, हिमाचा धोका टळल्यावर, कुंडी बाहेर काढून पहिला आठवडा सावलीत ठेवावी, कारण हरितगृहातली कोवळी पाने थेट उन्हात करपतात.