मोडी वाचायचा छंद: पैसे किती लागतात आणि आधी कशावर घालावेत

आजोबांच्या पेटीत मोडी या जुन्या मराठी लिपीतले दोन-चार कागद निघतात, ते वाचावेसे वाटतात, आणि मग पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. माझ्या अनुभवाने सांगतो, नागपुरात राहून पहिलं वर्ष हजार-दीड हजार रुपयांत सहज निभतं. त्याहून जास्त पैसे जातात ते खरेदीचा क्रम चुकल्यामुळे. मी पहिल्याच महिन्यात तीन जाड पुस्तकं घेतली आणि वर्षभर त्यांतलं एकच उघडलं.

पहिली पायरी म्हणजे लिपी एकच निवडणं. आपल्या भागात मोडी आणि प्राचीन ब्राह्मी लिपी, दोन्हींचा मोह होतो. रामटेकला केवल नरसिंहाच्या देवळात वाकाटक या विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याच्या काळातला शिलालेख आहे. त्या काळच्या ब्राह्मीत अक्षरांच्या डोक्यावर चिमुकल्या चौकोनी पेट्या असतात, आणि त्या एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. पण वाकाटकांचे बहुतेक लेख संस्कृतात आहेत. अक्षर लागलं तरी अर्थ लागायला संस्कृत हवं, म्हणजे वेळेचा खर्च दुप्पट. मोडीतली भाषा मराठीच असते. म्हणून सुरुवात मोडीने करा.

दुसरी पायरी साहित्याची, आणि ती स्वस्त आहे. बाराखडी आणि सरावाचे उतारे असलेलं एक पुस्तक, दोन रेघी वह्या, एक भिंग, एक बोरू (वेताची लेखणी) आणि शाईची दौत. पुस्तकासाठी आधी सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत शोधा. मोडीचे संगणकीय फॉन्ट फुकट मिळतात, आणि २०१४ पासून मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, जागा आहे. पण नुसत्या फॉन्टवर विसंबू नका. छापील अक्षर सुटं आणि नीटनेटकं असतं, कारकुनाच्या हातचं तसं नसतं. बोरू मात्र घ्याच. स्वतः वळण गिरवलं की हात कुठे न उचलता पुढे गेला ते कळतं, आणि मग वाचताना तोच जोड ओळखू येतो.

तिसरी पायरी सरावाची. इथे पैसा लागत नाही, पण रोजचा अर्धा तास लागतो. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं लिहितात, शब्द तोडत नाहीत, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नाहीत. त्यामुळे शब्द कुठे संपला ते अर्थावरूनच ठरवावं लागतं. माझी रीत अशी: कागदाचा फोटो काढायचा, वहीत ओळीखाली ओळ देवनागरीत उतरवायची, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्यायचं. अंदाजाने अक्षर भरायचं नाही. मग त्याच लेखकाचं तेच अक्षर कागदात आणखी कुठे आलंय ते शोधायचं. प्रत्येक कागदासाठी त्या हाताची वेगळी बाराखडी तयार करा. दहा ओळींनंतर तीच गुरू होते.

तारखेला घाबरू नका. जुन्या कागदांत शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीत वापरली जाणारी एक कालगणना, अरबी संख्यानामांत लिहिलेला असतो. ‘इसन्ने तिसैन मया अलफ’ म्हणजे २ + ९० + १०० + १०००, शुहूर ११९२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९१. जानेवारीपासून मेच्या अखेरीपर्यंतचा कागद असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७९२. नागपुरात तेव्हा दुसरे रघूजी भोसले होते. वीस-पंचवीस संख्यानामं पाठ केली की कागद आपल्या काळात जाऊन बसतो. तो क्षण मला अजूनही फार मोलाचा वाटतो.

क्लास घ्यावा का? घ्या, पण बाराखडी पाठ करूनच. फीचा खरा मोबदला मिळतो तो शंका विचारण्यात, आणि शंका सरावानंतरच येतात. नागपुरातलं विदर्भ अभिलेखागार आणि अजब बंगला म्हणजेच मध्यवर्ती संग्रहालय ठाऊक असू द्या. अभिलेखागारात जाण्याआधी कागद पाहण्याचे नियम आणि नकलेचं शुल्क विचारून घ्या. पुढे कधी ब्राह्मीकडे वळलात, तर प्राचीन लेखांचे अभ्यासक वा. वि. मिराशींनी संपादित केलेला वाकाटक लेखांचा खंड आहेच. तो १९६३ साली निघाला.

रामटेकची फेरी करायची तर एसटीचं भाडं आणि एक विजेरी एवढाच खर्च. विजेरी बाजूने तिरपी धरली की कोरीव अक्षर उठून दिसतं. अक्षरांत खडू किंवा रंग कधीही भरू नका, दगड कायमचा बिघडतो.

एका गोष्टीवर मात्र एक रुपयाही घालू नका: जुने कागद विकत घेणं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात किमान ७५ वर्षं जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं पुरावस्तू ठरतात आणि त्यांच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याविना करता येत नाही. शिवाय गठ्ठा फुटला की कोणत्या घरचा कागद होता हे कायमचं हरवतं. आपल्या आणि नातलगांच्या घरचे कागद आधी पाहा. फोटो काढा, लॅमिनेशन करू नका, घड्यांवर चिकटपट्टी लावू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरते.