आषाढातलं चामडं आणि पळणारा मीटर: या चुका टाळा

आषाढात कोल्हापूरकडच्या चामड्याच्या शेडमध्ये डोकावलं तर बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं चामडं चार-चार दिवस दोरीवर लटकत असतं आणि तरी हाताला गार लागतं. गार लागणं म्हणजे आत ओल. मग कोणीतरी हीटर लावतं, मीटर पळतो आणि महिनाअखेरीला बिल बघून 'वीज महाग झाली' असं म्हटलं जातं. वीज महाग आहेच, पण निम्मा दोष आपला असतो.

सगळ्यात महागडी चूक हीटर लावण्याआधीच होते. चामडं न पिळता थेट टांगायचं! हिशेब करून बघा. 10 किलो ओल्या चामड्यात 70 टक्के पाणी धरलं, तर कोरडा माल 3 किलो आणि पाणी 7 किलो. शेवटी 14 टक्के ओल ठेवायची म्हणजे साडेसहा किलो पाणी उडवायचं. एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण 0.67 युनिट लागतात, म्हणजे झाले सव्वाचार-साडेचार युनिट, तेही गरम हवा कुठेच गळत नाही असं मानून. तेच चामडं आधी सॅमिंग मशिनच्या, म्हणजे पाणी पिळून काढणाऱ्या यंत्राच्या, रोलरमधून काढून 50 टक्क्यांवर आणलं, तर उडवायला अडीच किलोच पाणी उरतं. पावणेदोन युनिटांत काम. रोलरला लागणारी वीज त्यापुढे किरकोळ. मशिन नसेल तर लाकडी घोडीवर चामडी एकावर एक रचून रात्रभर निथळू द्या. मशिनइतकं नाही, पण फुकट आहे. रोलरमध्ये घालताना घडी मात्र राहू देऊ नका, ती कायमची बसते.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे. उष्णता वाया जाऊ नये म्हणून शेडची दारं-खिडक्या गच्च बंद केली, एक्झॉस्टसुद्धा. सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब लोंबत होते. जी वाफ करायला रात्रभर पैसे मोजले, तिचं पाणी होऊन ते परत चामड्यावर ठिबकत होतं. पत्र्याला गंज होता. सालीतलं टॅनिन, म्हणजे चामडं कमावणारं द्रव्य, आणि लोखंड भेटलं की शाईच तयार होते. सहा चामड्यांवर काळे डाग पडले, घासून निघाले नाहीत.

पण एक्झॉस्ट सताड उघडा ठेवणं हेही तितकंच चूक. बाहेरची 25 अंशांची, 90 टक्के आर्द्रतेची हवा 40 अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांखाली येते, म्हणजे ती तहानलेली होते. ही हवा चामड्यावरून फिरून 45 टक्क्यांवरच बाहेर फेकली, तर तिची तहान भागलेलीच नसते. तापवायचा खर्च बाहेर गेला. म्हणून बाहेर जाणाऱ्या हवेपाशी आर्द्रतामापक लावा आणि डँपर, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, असा ठेवा, की ती 70-75 टक्के झाल्यावरच बाहेर पडेल. साधं उपकरण आहे, पण बहुतेक शेडमध्ये दिसत नाही.

घाईने आच वाढवणारे तर घरोघरी. सालीत कमावलेलं चामडं ओलं असताना 70-85 अंशांच्या दरम्यान आकसतं, कच्ची कातडी साठीच्या पुढेच. त्याच्या बऱ्याच आधी नुकसान सुरू होतं: वरचा थर झटपट वाळतो, आतलं टॅनिन पाण्याबरोबर वर ओढलं जातं, कडा काळवंडतात आणि चामडं वाकवलं की वरची बाजू तडकते. सुरुवातीला 35 ते 40 अंश पुरे. कच्ची कातडी तापलेल्या फरशीवर पसरण्याचंही तेच, वरून खडखडीत आणि आत कुजलेली.

पंखा शेवटपर्यंत पूर्ण वेगात ठेवण्यात काही हशील नाही. वरचं पाणी संपल्यावर आतलं पाणी त्याच्याच चालीने बाहेर येतं, वारा कितीही मारा. वेग कमी-जास्त करायची सोय असेल तर 20 टक्के कमी करा, पंख्याची वीज जवळपास निम्मी होते. आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी हीटर कशाला हवा? सावली आणि पंखा एवढंच बास.

हीट पंप, म्हणजे बंद खोलीतल्या हवेतली ओल काढून तीच हवा पुन्हा तापवून फिरवणारं यंत्र, घेतलेल्यांची एकच तक्रार ऐकतो, 'वाळतच नाही'. जाऊन बघितलं तर दाराला फट आणि फिल्टरवर बोटभर धूळ. बाहेरची दमट हवाच तो दिवसभर सुकवत बसलेला.

उरला प्रश्न, थांबायचं कधी. 'राहू दे अजून एक रात्र' म्हणून चामडं कडकडीत केलं, तर श्रावणातल्या हवेतून ते ओल परत पिऊन घेतं आणि ती रात्र मीटरवर तेवढी राहते. कापणीतला एक छोटा तुकडा ओला असताना तोला, मग पूर्ण वाळवून त्याचं कोरडं वजन काढा आणि त्यावरून एका खुणेच्या चामड्याचं शेवटचं वजन ठरवा. वरच्या हिशेबातलं पिळलेलं चामडं 6 किलोचं आहे. ते वजनकाट्याला टांगा, साडेतीनवर आलं की हीटर बंद.