बाटलीतला ढग

'ढग म्हणजे वाफ' असं मुलांना कोणी सांगितलं की मला राहवत नाही. वाफ डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते पाण्याचे बारीक थेंब. नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून दर पावसाळ्यात मी सहावीच्या वर्गात ढग करून दाखवते.

कोल्ड्रिंकची लिटरभराची बाटली घ्या, लेबल काढून. पाण्याची पातळ बाटली नको, ती एकदा चेपली की तशीच राहते. घोटभर पाणी घाला, बोटाला सोसेल इतकंच गरम. उकळतं घातलं तर बाटली आखडते. झाकण लावून हलवा, मिनिटभर थांबा. मग झाकण काढून बाटली जराशी दाबा, तोंडाशी उदबत्ती धरा आणि हात सैल करा. धूर आपोआप आत ओढला जातो. एवढासाच पुरे, नाहीतर मुलं धुरालाच ढग समजतात.

झाकण घट्ट लावा. मागे काळं कापड, बाजूने टॉर्च. दोन्ही हातांनी बाटली जोरात दाबा, पाच आकडे मोजा आणि एकदम सोडा.

आत पांढुरकं धुकं दाटतं. पुन्हा दाबा, गायब! ढग दाबल्यावर येईल की सोडल्यावर, हे मुलांना आधी विचारा. बहुतेक जण उलटं सांगतात. दाब सुटला की हवा पसरते, पसरली की गार होते आणि तिच्यातलं बाष्प धुराच्या कणांवर थेंब होऊन बसतं.

धुराची पायरी गाळू नका. पहिल्या वर्षी मी गाळली होती. मुलांनी आळीपाळीने बाटली दाबली, तरी आत काही दिसेना. आता मुद्दाम दोन बाटल्या ठेवते, एक बिनधुराची. आभाळात हेच काम धूळ आणि समुद्राच्या मिठाचे कण करतात.

मग मुलांना मैदानात न्यायचं. आमची शाळा वाईजवळ, पसरणी घाटाच्या पायथ्याशी. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा कोकणातून सह्याद्री चढते. वर दाब कमी, म्हणजे बाटली सोडलीच की! ढग धरेपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी गार होत जाते. म्हणून १,३५० मीटरांवरच्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस, आणि तीसेक किलोमीटरवर आमच्याकडे त्याच्या पाव हिस्साही नाही. आमच्याकडे उतरताना हवा दाबली जाते, तापते.

जुलैत पाचगणीच्या कड्यावरून ढग खाली ओघळतो आणि अर्ध्या वाटेतच विरतो. तो नेमका कुठे विरतो, ते मुलांना बोटाने दाखवायला सांगा.