सिख्ये घरी करताना या चुका टाळा

कोरियात सॉल्लाल (चांद्र नववर्ष) आणि छुसॉक (सुगीचा सण) या सणांच्या भरपेट जेवणानंतर सिख्ये हे भाताचं थंडगार गोड पेय देतात. भात, जवाचं माल्ट (म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव) आणि पाणी एवढ्यावर ते होतं. साखर अगदी शेवटी, चवीपुरती. मूळ गोडी येते ती माल्टमधल्या विकरांमुळे (एन्झाइममुळे), कारण ती भातातल्या पिष्टाची साखर करतात. म्हणून सिख्ये फसलं की आधी माल्ट तपासा, मग तापमान.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ माल्टमध्येच होतो. सातूचं पीठ अजिबात चालणार नाही. ते भाजलेलं असतं आणि भाजताना विकरं मरतात. वाण्याकडची पांढरी बार्ली पॉलिश केलेली असते, तिला मोड येत नाहीत. सालासकट जव आणा, मोड आणून कमी उष्णतेवर खडखडीत वाळवा आणि भरड दळा. कोरियन दुकानात तयार माल्ट मिळालं तर उत्तमच.

पाव किलो भरडीला अडीच-तीन लिटर कोमट पाणी घ्या. तासभर भिजवून हाताने चांगलं चोळा, गाळा आणि दोन-तीन तास निवळू द्या. उन्हाळ्यात हे भांडं फ्रीजमध्येच ठेवा, बाहेर पाणी आंबतं. वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. तळाचा पांढरा साका घाईत सोबत आला की पेय गढूळ आणि पिठूळ होतं.

भात मोकळा हवा, गिच्च नको. त्यावर हे पाणी ओतून ६० ते ६५ अंशांवर चार-पाच तास ठेवायचं. राइस कुकरचं 'वॉर्म' बटण त्यासाठीच वापरतात, पण काही कुकर बरेच जास्त तापतात, तेव्हा थर्मामीटर घालून बघाच. ७० च्या वर विकरं झपाट्याने निकामी होतात आणि गोडी येत नाही. फार कोमट राहिलं तर आंबतं. आंबलेलं ओतून द्या. नुसतं फिकं असेल आणि वास चांगला असेल, तर ताजं माल्टचं पाणी घालून पुन्हा ऊब द्या.

पाच-दहा शितं वर तरंगली की एक काढून बोटांत चुरडा. चिकटपणा गेलेला असेल, हलका चोथाच हाताला लागत असेल, तर काम झालं. इथे रेंगाळू नका. शितं काढून गार पाण्यात धुऊन वेगळी ठेवा आणि पाणी लगेच आलं-साखर घालून खळखळ उकळा, फेस काढत राहा. शितं त्यातच उकळली तर वाढताना तरंगत नाहीत. गार झाल्यावर वाटीत शितं आणि चार चिलगोजे घाला. फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांत संपवा.

कोरियातल्याच आन्दोंग शहराचं सिख्ये मात्र वेगळं. त्यात मुळा, आलं आणि लाल तिखट पडतं, ते आंबवतात आणि उकळत नाहीत. तिथली कृती पाहून इथली उकळी वगळू नका.