स्वीप पिकिंग शिकताना: पिक एका दमात, स्वर सुटे सुटे

गिटारवर स्वीप पिकिंग, म्हणजे एकाच सलग फटक्यात शेजारशेजारच्या तारा वाजवण्याचं तंत्र, वाजवणाऱ्याकडे पाहताना नजर खिळते ती उजव्या हातावर. पिक (तारा छेडायची छोटी पट्टी) जाड तारेकडून बारीक तारेकडे एका दमात सरकतं आणि तेवढ्यात पाच-सहा स्वर वाजून गेलेले असतात. आपणही घरी तसाच हात फिरवून बघतो आणि ऐकू येते नुसती एक कॉर्ड, म्हणजे सगळे स्वर एकदम, तीही गढूळ. कारण स्वीपचं खरं अवघड काम डाव्या हाताकडे आहे: स्वर वाजला की तो लगेच थांबवायचा. मी पहिले कित्येक महिने वेगामागे धावलो आणि शेवटी सगळं विलंबित लयीत पुन्हा बसवावं लागलं. तुमचे ते महिने वाचावेत म्हणून हा क्रम सांगतो. (डावखुऱ्यांनी हात उलटे समजावेत.)

पिक निदान १ मिलिमीटर जाडीचं घ्या. पातळ पिक तारेवर वाकतं आणि ताल सांडतो. बोटांच्या चिमटीतून टोक थोडंच बाहेर राहू द्या. अ‍ॅम्पवर डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणारा परिणाम) नको, साधा क्लीन आवाज ठेवा.

आधी फक्त उजवा हात. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवा, म्हणजे ‘टक टक’ असा बंद आवाज येईल. तिसऱ्या तारेवर (सर्वांत बारीक तार ती पहिली) डाउनस्ट्रोक, म्हणजे वरून खाली फटका द्या, पण पिक हवेत उचलू नका. ते सरळ दुसऱ्या तारेवर येऊन टेकलं पाहिजे. तिथून पुढे ढकललं की पहिल्या तारेवर. हे तीन वेगळे फटके नाहीत. हात एकाच दिशेने चालत राहतो, तारा त्याच्या वाटेत येतात. खाली जाताना पिकचं टोक किंचित छताकडे झुकलेलं असावं, वर येताना जमिनीकडे, म्हणजे ते तारेत अडकत नाही. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून एका ठोक्यात तीन स्ट्रोक बसवा. दोन-तीन दिवस एवढंच केलं तरी चालेल.

आता ए मायनर कॉर्डचा छोटा आकार, म्हणजे बोटांची मांडणी, घ्या. तिसऱ्या तारेवर ९वा फ्रेट (गिटारच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेला कप्पा) मधल्या बोटाने, दुसऱ्या तारेवर १०वा अनामिकेने, पहिल्या तारेवर ८वा तर्जनीने आणि त्याच तारेवर १२वा करंगळीने. क्रम असा: ९, १०, ८ हे तिन्ही एकाच डाउनस्वीपमध्ये, १२ वर करंगळीने हॅमर-ऑन (पिक न लावता बोट तारेवर आपटून स्वर काढणं), पुल-ऑफ (तेच बोट तार ओढत सोडणं) करून परत ८, मग दुसऱ्या तारेवरचा १० अपस्ट्रोकने. सहा स्वर झाले, दोन ठोके भरले, की पुन्हा तिसऱ्या तारेपासून. ठोका ९व्या फ्रेटवर आणि करंगळीच्या १२व्या फ्रेटवर पडतो. तिथे पाय आपटून बघा. पाय आणि स्वर एकत्र येत नसतील तर उजवा हात घाई करतोय.

बोट कसं सोडायचं, इथे सर्वांत जास्त वेळ द्या. दुसरी तार वाजली की तिसऱ्या तारेवरच्या मधल्या बोटाचा दाब काढायचा, पण बोट तारेवरून उचलायचं नाही. तार फ्रेटपासून सुटते, बोटाला चिकटलेली राहते आणि स्वर तिथेच थांबतो. बोट पूर्ण उचललंत तर मोकळी तार वाजते. जमलंय की नाही हे ओळखायला पहिले तीन स्वर वाजवून दोन्ही हात जागच्या जागी थांबवा आणि कान द्या. फक्त शेवटचा स्वर घुमत असेल तर बरोबर. तीन स्वरांची कॉर्ड घुमत असेल तर वेग कमी करा. न वाजणाऱ्या जाड तारा उजव्या तळहाताच्या कडेने दाबून ठेवा. वर येताना बारीक तारा तर्जनीच्या खालच्या बाजूने आडव्या झाकल्या जातात.

हे स्वच्छ झाल्यावर डिस्टॉर्शन लावा. क्लीन आवाजात कमी-जास्त जोराचे स्वर पकडले जातात, डिस्टॉर्शनमध्ये मोकळ्या राहिलेल्या तारा बोंब मारतात. म्हणून सराव दोन्हींवर हवा. सलग चार वेळा चूक न होता वाजलं तरच मेट्रोनोम ४-५ ने वाढवा. रोज १५ मिनिटं पुरेत, आणि मनगट दुखू लागलं तर त्या दिवशी गिटार ठेवून द्या.

मग हाच आकार पाच फ्रेट पुढे सरकवा, डी मायनर मिळेल. ८च्या जागी ९ दाबलात तर ए मेजर.

ऐकायला फ्रँक गॅम्बाले आणि यंग्वी माल्मस्टीन दोघेही घ्या. ऑस्ट्रेलियाच्या गॅम्बालेने हे तंत्र जाझ-फ्युजनमध्ये वाढवलं. स्वीडनच्या माल्मस्टीनचा १९८४चा ‘रायझिंग फोर्स’ हा अल्बम रॉकवाल्यांना वेड लावून गेला. मला गॅम्बाले जास्त आवडतो, त्याच्या स्वीपमध्ये चाल ऐकू येते.

पाच तारांचा आकार सगळ्यात शेवटी: पाचव्या तारेवर १२ आणि १५, चौथीवर १४, तिसरीवर १४, दुसरीवर १३, पहिलीवर १२ आणि १७. इथे दोन १४ शेजारी येतात आणि दोन्ही अनामिकेलाच वाजवायचे असतात. ती दोन्ही तारांवर आडवी दाबून ठेवली की स्वर एकमेकांत मिसळतात. चौथी तार बोटाच्या टोकाने दाबा, मग पेर हलकेच सपाट करत दाब तिसऱ्या तारेवर न्या. टोक चौथ्या तारेला नुसतं शिवून राहील. बाकी आकार बाजूला ठेवून फक्त हे दोन स्वर पुढे-मागे, ५० च्या लयीत, आठवडाभर वाजवा.